दिघीचं तोंड, दौंडचे कान



लोणावळ्यात नवखा आलेला माणूस भुशी धरणाच्या रस्त्याला लागला, की आयएनएस शिवाजीची पाटी पाहून हमखास विचारतो: आरमाराचं ठाणं इथे कसं? समुद्र सह्याद्रीच्या खाली, आणि आपण समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवर. तरी 15 फेब्रुवारी 1945 या दिवशी ‘एचएमआयएस शिवाजी’ या नावानं हे ठाणं इथे रुजू झालं, आणि जहाजाची इंजिनं चालवणारी माणसं आजही या डोंगरावर तयार होतात. कार्ल्याच्या लेण्यात गेलात तर तिथल्या शिलालेखांत सोपाऱ्याहून आलेल्या दात्याचा उल्लेख आहे, धेनुकाकटच्या यवनांची नावं आहेत. सोपारा म्हणजे त्या काळचं नामांकित बंदर. बोरघाटानं चढून आलेला समुद्रावरचा पैसा इथल्या दगडात कोरला गेला. मावळचा समुद्राशी संबंध असा दोन हजार वर्षांचा आहे, आणि तो समुद्र डोळ्यांना दिसण्यावर कधीच अवलंबून नव्हता.

ही गोष्ट आधी सांगितली, कारण आजचा विषय तिच्यावरच उभा आहे. एखाद्या माळावर जुने चौथरे दिसतात, गंजलेले बोल्ट वर आलेले असतात, एखादी बिनछपराची इमारत असते आणि गावातला जाणता माणूस सांगतो, “इथं पूर्वी वायरलेस होतं.” कुणाचं वायरलेस? कुणाशी बोलणारं? जहाजांशी, विलायतेशी, फौजेशी, की घराघरांतल्या रेडिओंशी? मनोरे भंगारात गेलेले, कागद कुठल्या तरी कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जाताना हरवलेले. अशा जागेचं मूळ काम ओळखायचं कसं, हा आजचा प्रश्न आहे. माझं म्हणणं असं, की बिनतारी केंद्र एकटं पाहिलं तर ते कधीच कळत नाही. त्याला एक जोडीदार असतो, बहुधा काही कोसांवर, आणि एक समोरचा असतो, बहुधा हजारो मैलांवर. या दोघांचा पत्ता जमिनीवरच लिहिलेला असतो. मनोरा गेला तरी तो राहतो.

याचं आपल्या जिल्ह्यातलं सर्वांत मोठं उदाहरण इथून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरवर आहे. दिघीचा माळ. कागदोपत्री त्याला ‘किरकी’ म्हणत, म्हणजे आपली खडकी. 1927 साली इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीचं बिनतारी प्रक्षेपण केंद्र तिथे सुरू झालं, आणि मुंबईहून लंडनला समुद्रतळाच्या केबलशिवाय तारा जाऊ लागल्या. त्या तारांची उत्तरं मात्र दिघीला येत नसत. ती येत दौंडला. प्रक्षेपण खडकीला, ग्रहण दौंडला, मधे साधारण पंचाहत्तर किलोमीटर. आणि तार ठोकणारा माणूस या दोन्ही ठिकाणी नसे, तो मुंबईच्या कचेरीत बसलेला असे. मुंबईतून निघालेल्या तारा सह्याद्री चढून पुण्याकडे येत आणि खडकीचं यंत्र मुंबईच्या बोटांवर चाले. एका केंद्राचे असे तीन तुकडे होते. यातला एकच तुकडा पाहून कुणी निष्कर्ष काढला, तर तो चुकणारच.

तोंड एकीकडे आणि कान दुसरीकडे, असं का केलं? कारण दोन्ही कामं एकाच वेळी चालायची. प्रक्षेपक प्रचंड जोरानं ओरडत असतो, आणि लंडनहून सात हजार किलोमीटर चालून आलेला संदेश अगदी क्षीण असतो. ओरडणाऱ्याच्या शेजारी बसून कुजबुज ऐकता येत नाही. म्हणून ग्रहणकेंद्र नेहमी लांब, शांत, वस्तीपासून आणि विजेच्या मोठ्या यंत्रांपासून दूर. पुणे जिल्ह्यातली ही रेडिओ-शांतता पुढेही उपयोगी पडली. नारायणगावजवळ खोडदला जी महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी आहे, 45 मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची, तिच्यासाठी ही जागा निवडताना एक कारण हेच होतं, की इथे माणसानं केलेला रेडिओ गोंगाट कमी आणि मुंबईच्या गोंगाटाला सह्याद्रीचा आडोसा. त्याच पट्ट्यात आर्वीला 1971 साली उपग्रह संपर्काचं भू-केंद्र झालं, ज्याला विक्रम साराभाईंचं नाव आहे. खडकी-दौंड, आर्वी, खोडद: बिनतारी विद्येच्या तीन पिढ्या एकाच जिल्ह्यात आहेत. शाळेच्या सहली खोडदला जातात. दिघी-दौंडची जोडी मात्र कुणाला माहीत नसते.

आता जहाजांकडे वळू. किनारी रेडिओ केंद्र म्हणजे काय, हे नीट समजल्याशिवाय दिघी काय नव्हतं ते कळणार नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जहाजांवर बिनतारी यंत्रं बसू लागली. 1906 च्या बर्लिन करारानं समुद्रावरच्या बोलण्यासाठी तरंगलांब्या ठरवून दिल्या आणि त्यांतली 600 मीटरची, म्हणजे 500 किलोहर्ट्झची, पुढे संकटाची लांबी म्हणून जगभर पाळली गेली. 1912 च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडाली, आणि जहाजावर कान सतत उघडा असला पाहिजे हे जगाला पटलं. पुढची ऐंशीहून अधिक वर्षं हा शिरस्ता टिकला. त्या काळच्या जहाजाच्या रेडिओखोलीत एक घड्याळ असे. त्याच्या पांढऱ्या तबकडीवर दोन लाल पाचरी रंगवलेल्या: पंधराव्या मिनिटापासून अठराव्यापर्यंत आणि पंचेचाळिसाव्यापासून अठ्ठेचाळिसाव्यापर्यंत. काटा लाल पाचरीत शिरला की 500 वरचं सगळं बोलणं थांबायचं. तीन मिनिटं सगळ्या समुद्रावर शांतता, कुठून क्षीण हाक येते का ते ऐकण्यासाठी. दोन हिरव्या पाचरीही असत, तासाच्या ठोक्याला आणि अर्ध्या तासाला, त्या आवाजी बोलण्याच्या 2182 किलोहर्ट्झसाठी. तबकडीच्या कडेला सेकंदांच्या खुणा असत. चार सेकंदांची एक रेघ, एक सेकंद विसावा, अशा मिनिटात बारा रेघा हातानं पाठवल्या की दूरच्या जहाजावरची घंटा आपोआप वाजायची आणि झोपलेला रेडिओ अधिकारी जागा व्हायचा. जुन्या बाजारात असं घड्याळ कुणाला दिसलं तर त्यानं नुसतं शोभेला लावू नये. त्याच्या तबकडीवर एक सबंध कायदा रंगवलेला आहे.

या घड्याळाच्या दुसऱ्या टोकाला किनाऱ्यावरचं केंद्र. मुंबईचं ‘बॉम्बे रेडिओ’, हाकेची खूण व्हीडब्ल्यूबी. कलकत्त्याचं व्हीडब्ल्यूसी, मद्रासचं व्हीडब्ल्यूएम. या केंद्राचं काम एका माणसाशी बोलण्याचं नव्हतं. कुठलं जहाज कुठल्या दिशेला असेल ते आधी ठाऊक नसे. म्हणून त्याचा आवाज चहूकडे सारखा जायला हवा. ठरलेल्या वेळी ते जहाजांच्या खुणांची यादी वाचून दाखवी, ज्यांच्या नावानं तारा येऊन पडल्या आहेत त्यांची. मग हवामान, मग वाटेवरच्या धोक्यांच्या सूचना. 600 मीटरची लाट जमिनीला चिकटून चालते आणि खाऱ्या पाण्यावरून तिला सर्वांत कमी त्रास होतो. कोरड्या खडकावरून गेली तर ती लवकर दमते. म्हणून अशा केंद्राचा मनोरा पाण्याच्या जवळ, आणि त्याच्या पायापासून चहूबाजूंनी जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या तारा. शेतात नांगर लागला आणि मातीतून हिरवट पडलेली तांब्याची तार निघाली, पुढच्या सरीत पुन्हा निघाली आणि सगळ्या तारा एकाच चौथऱ्याकडे जाऊ लागल्या, तर समजावं की इथे मध्यम लांबीच्या लाटेचा मनोरा होता. तो जहाजांसाठी असेल किंवा आकाशवाणीसाठी असेल. चौथऱ्यावर चिनीमातीच्या जाड बैठकीची खूण असेल, तर मनोरा स्वतःच एरिअल होता. ती नसेल, तर बहुधा मनोऱ्यावर तारा टांगलेल्या होत्या.

दिघीचं केंद्र या जातीचं नव्हे. ते लघुलहरींचं होतं आणि एकाच दिशेला बोलणारं होतं. इंग्रज सरकारचा आधीचा बेत वेगळा होता. साम्राज्यभर लांब लहरींची प्रचंड केंद्रं उभारायची, एकेका केंद्राला मोठं वीजघर लागणार. मार्कोनीनं 1923 साली ‘एलेत्रा’ या आपल्या नौकेवरून लघुलहरींचे प्रयोग केले आणि त्याच्या सहकाऱ्यानं, सी. एस. फ्रँकलिननं, लाट झोतासारखी एका दिशेला फेकणारं एरिअल बांधलं. 1924 साली सरकारशी करार झाला. ऑक्टोबर 1926 मध्ये कॅनडा, एप्रिल 1927 मध्ये ऑस्ट्रेलिया, मग दक्षिण आफ्रिका आणि सप्टेंबर 1927 मध्ये भारत, असे झोत एकामागून एक सुरू झाले. इंग्लंडमध्ये आपल्या केंद्राचा समोरचा होता ग्रिम्सबीजवळच्या टेटनीला, आणि त्याचा कान स्केगनेसला. तिथेही तोंड आणि कान वेगळे. दिवसा सुमारे 16 मीटरची लाट वापरत, रात्री सुमारे 34 मीटरची, कारण वरच्या वातावरणातला जो थर लाट परतवतो तो उन्हात आणि अंधारात वेगळा वागतो.

या झोताच्या एरिअलची ठेवण लक्षात ठेवण्यासारखी आहे. इंग्लंडमधल्या केंद्रांवर सुमारे 280 फूट उंचीचे लोखंडी मनोरे एका ओळीत उभे असत, प्रत्येकाच्या शेंड्यावर 90 फुटांचा आडवा हात. दोन मनोऱ्यांत सहाशेहून अधिक फूट अंतर. त्यांच्यामधून उभ्या तारांचा पडदा सोडलेला, आणि त्याच्या मागे दुसरा पडदा, लाट मागे जाऊ नये म्हणून. यंत्रघरातून तांब्याच्या नळ्या बुटक्या खांबांवरून पडद्यापर्यंत नेलेल्या, आणि त्या अशा फाटे फोडत नेलेल्या की प्रत्येक तारेपर्यंतची वाट अगदी सारख्या लांबीची भरावी. ती एखाद्या हातानं कमी-जास्त झाली तर झोत वाकडा जाणार. आज नळ्या सापडणार नाहीत, तांबं कोण ठेवतो? पण बुटक्या खांबांचे बुंधे सापडू शकतात, आणि त्यांची फाट्याफाट्यांची मांडणी दुसऱ्या कुठल्याच कामासाठी कुणी करत नाही.

आणि मनोऱ्यांची ओळ. सगळ्यात मोठा पुरावा हाच. पडद्याच्या ओळीला काटकोनात झोत जातो. म्हणजे चौथऱ्यांची ओळ कुठल्या दिशेला आहे ते होकायंत्रानं मोजलं, की समोरचा माणूस जगाच्या कुठल्या कोपऱ्यात होता ते कळतं. इथे एक सावधगिरी हवी. शाळेच्या भिंतीवरच्या सपाट नकाशात पुण्याहून लंडनला रेघ ओढली तर ती पश्चिमेला झुकलेली दिसते, वायव्येहून बरीच खाली. पृथ्वी गोल आहे आणि लाट जवळची वाट धरते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा. पुण्याहून लंडन उत्तरेपासून सुमारे 320 अंशांवर येतं, म्हणजे जवळजवळ नेमक्या वायव्येला, थोडं उत्तरेकडेच. न्यूयॉर्क तर 334 अंशांवर, आणखी वर, ध्रुवाकडच्या वाटेनं. टोकियो सुमारे 59 अंशांवर. तेव्हा ज्या ओळीचं तोंड 320 अंशांकडे, ती लंडनची. ईशान्येच्या पलीकडे झुकलेली, ती जपानकडची. आणि ज्या चौथऱ्यांना ओळच नाही, तारा चहूकडे फाकलेल्या आहेत, तिथे जहाजांचा विचार करावा. दिघीहून 320 अंशांची रेघ काढली तर ती चाकण आणि तळेगाव यांच्या मधून निघते आणि सह्याद्री ओलांडून जाते. या भागातल्या आपल्या पणजोबांच्या शेतांवरून मुंबईचा कापसाचा भाव लंडनला जात होता, आणि त्यांना त्याची सुतराम कल्पना नव्हती.

त्या तारा हातानं कडकट्ट केलेल्या नव्हत्या. मुंबईच्या कचेरीत आधी कागदाच्या पट्टीवर भोकं पाडत. पट्टीच्या मधोमध बारीक भोकांची अखंड रांग, ती दातेरी चाकानं पट्टी ओढण्यासाठी. तिच्या वर-खाली मोठी भोकं: वरचं आणि खालचं भोक समोरासमोर आलं तर बिंदू, खालचं एक घर पुढे सरकलं तर रेघ. ही पट्टी यंत्रातून माणसाच्या हाताच्या कितीतरी पट वेगानं धावायची. उत्तर येई तेव्हा दुसऱ्या पट्टीवर शाईची बारीक लेखणी चौकोनी लाटा काढत जाई, आणि सराव झालेला कारकून ती नागमोडी रेघ मोडीसारखी वाचून टंकलिखित करी. केबल कंपन्यांचा धंदा या झोतांनी इतका पळवला, की 1929 साली इंग्रज सरकारला केबल आणि बिनतारी दोन्ही एका छत्राखाली आणावे लागले. इथल्या कंपनीचं नावही बदललं, इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स. 1 मे 1933 पासून मुंबई-लंडन बिनतारी टेलिफोन सुरू झाला. 1 जानेवारी 1947 रोजी, स्वातंत्र्याच्या आधी साडेसात महिने, हे सगळं सरकारनं ताब्यात घेतलं आणि ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस जन्माला आली. 1 एप्रिल 1986 ला तिचीच विदेश संचार निगम, म्हणजे आपल्या बोलण्यातली व्हीएसएनएल, झाली.

हा नावांचा प्रवास गोंधळाचं मूळ आहे. समुद्रापलीकडे बोलणारं केंद्र आणि समुद्रावर बोलणारं केंद्र ही कामं अगदी वेगळी, पण खात्याच्या नावात ‘ओव्हरसीज’ आलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जहाज येतं. त्यात रायगड जिल्ह्यात दिघी नावाचं बंदर आहे. जुन्या यादीत नुसतं ‘दिघी’ वाचून कुणी ते राजपुरीच्या खाडीवर शोधायला गेला तर त्याला दोष देता येणार नाही. म्हणून नावावर कधी विसंबू नये, अक्षांश-रेखांश पाहावेत. तेही तपासून. जुन्या याद्यांत ते मिनिटांपर्यंतच देत, आणि अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जवळजवळ 1.85 किलोमीटर. तेवढ्या फरकानं केंद्र शेजारच्या गावात जाऊन पडतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांत आपला मावळ आणि दिघी दोन्ही 47 एफ मध्ये येतात, दौंड 47 जे मध्ये. जोडी दोन वेगळ्या पत्रकांवर गेल्यामुळे एकच पत्रक घेऊन बसणाऱ्याला ती कधीच दिसत नाही.

आता तुम्ही विचाराल, की मावळासारख्या डोंगरी मुलखात जहाजांचं केंद्र असूच शकत नाही, असं समजायचं का? नाही. 600 मीटरच्या लाटेसाठी किनारा लागतो, पण लघुलहरी आकाशातून परतून येतात, त्यांना किनाऱ्याची गरज नाही. इंग्लंडचं पोर्टिसहेड रेडिओ घ्या. लांबच्या जहाजांशी बोलणारं जगातलं एक अत्यंत गजबजलेलं केंद्र. त्याचे कान आणि माणसं सॉमरसेटमध्ये हायब्रिजला, आणि त्याचे प्रक्षेपक कुठे? रग्बीला, लीफील्डला. इंग्लंडच्या पोटात, जिथून समुद्र कुठल्याच दिशेला जवळ नाही. डॉर्चेस्टर आणि ओंगर इथलेही प्रक्षेपक त्यानं वापरले, आणि डॉर्चेस्टर तर मुळात 1920 च्या दशकातलं झोताचं केंद्र. म्हणजे एकाच माळावर आधी न्यूयॉर्कशी बोलणारे मनोरे आणि पुढे जहाजांशी बोलणारे. पोर्टिसहेड 2000 साली बंद झालं.

यावरून एक मुद्दा निघतो, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. जागेचं काम काय होतं, हा प्रश्न अपुरा आहे. कुठल्या वर्षी काय होतं, असं विचारायला हवं. 1927 चा चौथरा आणि 1960 नंतरचा चौथरा एकमेकांशेजारी असतात. एकाचं काँक्रीट नदीतल्या गोल गोट्यांचं, दुसऱ्याचं खडीचं, असं कधीकधी नुसत्या डोळ्यांनाही दिसतं. बोल्टांची जाडी, इंचात की मिलिमीटरमध्ये, हाही साक्षीदार. भारतात मेट्रिक मापं 1956 च्या कायद्यानं टप्प्याटप्प्यानं आली, त्यामुळे इंची बोल्ट बहुधा जुन्या थराचा. पुराणवस्तूचा अभ्यासक खापराच्या तुकड्यांनी थर लावतो, तसे इथे बोल्टांनी लावावे लागतात.

आरमाराच्या ठाण्याला लागून एखादी जुनी जागा असेल, तर मी तरुण अभ्यासकांना स्पष्ट सांगतो: जे चालू आहे आणि ज्याला कुंपण आहे, त्याच्या नादी लागू नका. तिथलं काम आजही देशाचं काम आहे. इतिहासाला पुरून उरेल इतकं बाहेर पडलेलं आहे. पण आरमार आणि बिनतारी यांच्या इतिहासातलं एक पान लोणावळ्यात बोलताना वगळता येणार नाही. 18 फेब्रुवारी 1946 ला मुंबईच्या कुलाब्यात ‘तलवार’ या ठाण्यावर नाविकांनी संप पुकारला. ‘तलवार’ ही जहाजं चालवणाऱ्यांची शाळा नव्हती. ती संदेश पाठवणाऱ्यांची शाळा होती. ज्यांची बोटं मोर्सच्या खटक्यावर आणि कान हेडफोनमध्ये, त्यांनी सुरुवात केली, आणि म्हणूनच बातमी जहाजाजहाजांत, बंदराबंदरांत इतक्या लवकर पोचली, कारण पोचवणारे तेच होते. बघता बघता अठ्ठ्याहत्तर जहाजं आणि वीस हजारांच्या आसपास नाविक त्यात उतरले. बिनतारी केंद्राचा इतिहास यंत्रांबरोबर त्यावर बसलेल्या माणसांचाही असतो, याचा यापेक्षा मोठा दाखला मला ठाऊक नाही.

1 फेब्रुवारी 1999 पासून जगभर समुद्रावरच्या संकटसंदेशांची नवी व्यवस्था पूर्ण अमलात आली, उपग्रह आणि आपोआप चालणारी यंत्रं यांची. मोर्सची सक्ती संपली. 500 वरची ती तीन मिनिटांची शांतता पाळायला कुणी उरलं नाही. किनाऱ्यांवरची कितीतरी केंद्रं या एका तारखेनं इतिहासजमा केली. लंडनचे झोत तर त्याआधीच केबल आणि उपग्रहांनी कालबाह्य केले होते. उरल्या त्या जमिनी. 2002 साली व्हीएसएनएलमधला सरकारचा मोठा हिस्सा विकला गेला, तेव्हा जादा जमिनी त्या व्यवहारातून बाजूला ठेवल्या होत्या, आणि पुढे त्या हेमिस्फिअर प्रॉपर्टीज इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेल्या. देशभरातल्या सुमारे 740 एकरांपैकी 524 एकर एकट्या पुण्यात आहेत, दिघीच्या बाजूला. एवढी जमीन एका केंद्राला कशाला लागली असेल, या प्रश्नाचं उत्तर आता तुम्हाला ठाऊक आहे. पडद्यांची एक ओळ दुसरीच्या तोंडापुढे येऊ नये, म्हणून. आकारमानाचा आकडासुद्धा पुरावाच आहे. चहूकडे बोलणाऱ्या केंद्राला एवढा माळ लागत नाही.

ही जमीन शहराच्या कुशीत आहे आणि तिच्यावर कधी ना कधी बांधकाम होणार, होऊ नये असं मी म्हणत नाही. पुण्याला घरं हवीत, रस्ते हवेत. माझी मागणी साधी आहे आणि ती मी आग्रहानं करतो: बुलडोझर फिरण्याआधी प्रत्येक चौथऱ्याची मोजणी व्हावी. कुठला चौथरा कुठे, त्याचा आकार काय, बोल्ट किती, ओळ किती अंशांवर, हे एका नकाशावर यावं. याला पुरातत्त्व खात्याची परवानगीसुद्धा लागत नाही, लागते ती जमिनीच्या मालकाची, आणि मालक सरकारी कंपनी आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सर्वेक्षणाचा सराव म्हणून हे काम सहज देता येईल. दौंडला तर हे आधी करावं, कारण कानाकडे कुणाचं लक्ष जात नाही. ग्रहणकेंद्राला मोठं वीजघर नसतं, जाड पाया नसतो, तिथलं सगळं हलकं आणि म्हणून लवकर पुसलं जाणारं. जगभर प्रक्षेपण केंद्रांची छायाचित्रं जपली गेली आणि ग्रहणकेंद्रं विसरली गेली.

माणसांचंही तेच. ओव्हरसीजमध्ये आणि पुढे व्हीएसएनएलमध्ये नोकरी केलेले कितीतरी जण पिंपरी-चिंचवडपासून लोणावळ्यापर्यंत स्थायिक झालेले आहेत, काही या सभागृहातही असतील. त्यांना विचारताना “तिथे काय होतं?” असं विचारू नका. त्याला सगळे एकच उत्तर देतात, “ट्रान्समीटर होता.” विचारा, ड्यूटीवर आल्यावर पहिलं काम काय करायचात? लाट बदलायची वेळ कुठली होती, संध्याकाळी किती वाजता? फोन कुठून यायचा, मुंबईहून की दौंडहून? पावसात कुठल्या ओळीचा त्रास व्हायचा? ज्याला लाट बदलायची वेळ आठवते, त्याच्या त्या एका आठवणीवरून समोरचं शहर कुठल्या बाजूला होतं याचा अंदाज बांधता येतो, कारण मधला अंधार कुठे असेल ते गणितानं निघतं. आणि जहाजांचं काम केलेला माणूस लगेच ओळखू येतो. तो लाटा बदलण्याबद्दल फारसं बोलत नाही. तो तासातल्या पंधराव्या मिनिटाबद्दल बोलतो.

पुढच्या कामाची दिशा मला अशी दिसते. दिघीच्या ओळींचे अंश मोजले जावेत, दौंडच्याही. दोन्हीकडच्या ज्या ओळी एकमेकींना समांतर निघतील, त्या एकाच संवादाच्या, एक बोलणारी, एक ऐकणारी. ज्या ओळीला दौंडमध्ये जोडीदार सापडणार नाही, तिचं कोडं वेगळं. तिचा कान दुसरीकडे कुठेतरी असला पाहिजे, आणि तो शोधताना 47 एफ च्या पत्रकावर आपल्या मावळातले माळ आणि पठारं एकेक करून तपासायला हरकत नाही. नकाशावर जुन्या खुणांत बारीक अक्षरांत ‘डब्ल्यू टी’, म्हणजे वायरलेस टेलिग्राफी, असं कुठे लिहिलेलं दिसलं, तर पहिल्यांदा तिथल्या चौथऱ्यांची दिशा मोजा, आणि मगच गावात जाऊन चौकशी करा.